शटर कुणी पाडायचं, हे कायद्यात लिहा: विधानमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

विषय: साथरोगाच्या काळात दुकानं, कार्यालयं, प्रार्थनास्थळं आणि जमाव यांवरचे निर्बंध राबवण्याचे पोलिसांचे अधिकार कायद्याने ठरवून देण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी फौजदारी वकिली करतो. हे पत्र कुठल्या पक्षाच्या बाजूने वा विरोधात नाही. ज्या आदेशांबद्दल लिहितो आहे, तसे आदेश करोनाच्या काळात देशातल्या बहुतेक राज्यांनी काढले आणि तिथे सगळ्या पक्षांची सरकारं होती. आपल्याला लिहितो आहे, कारण त्या दोन वर्षांत आदेश मंत्रालयातून निघाले, जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांनी त्यांत भर घातली, पोलिसांनी ते राबवले, पण ज्यांनी कायदा करायचा त्या सभागृहांपुढे या अधिकारांचा प्रश्न नीट आलाच नाही. आजही आलेला नाही.

पहिल्याच वर्षात राज्यात भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याबद्दल, दोन लाखांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. मार्च २०२२ मध्ये तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी टाळेबंदीच्या काळातले विद्यार्थ्यांवरचे आणि नागरिकांवरचे हे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. नोकरीसाठी, पासपोर्टसाठी चारित्र्य पडताळणी करताना मुलं अडकत होती, हे त्यामागचं कारण. निर्णय चांगलाच होता. पण त्यानंतर विषय मिटला असं सगळ्यांनी धरलं. तो का मिटलेला नाही, ते एका प्रकरणावरून सांगतो.

एप्रिल २०२१. राज्य सरकारच्या ‘ब्रेक द चेन’ या निर्बंधांच्या आदेशाने ५ तारखेपासून सलून बंद. आमच्या बाजारपेठेच्या मागच्या बोळात एका सलूनचं शटर अर्धं वर होतं. आत दोन भाऊ बसले होते. त्यांचे वडील करोनाने गेले होते आणि दहावा दिवस होता. घाटावर जायला मनाई, न्हाव्याला घरी बोलवावं तर शेजारी घाबरलेले, म्हणून ते दोघं डोकं करायला दुकानात आले होते. गस्तीची गाडी आली. दुकानदार आणि त्याच्याकडे कामाला असलेला बावीस वर्षांचा पुतण्या, दोघांवर गुन्हा दाखल झाला: कलम १८८, रोग पसरवण्याजोगं कृत्य केल्याबद्दलची २६९ आणि २७० ही कलमं, साथरोग अधिनियम आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम. पंचनामा मी नंतर वाचला. मुद्देमाल म्हणून लिहिलं होतं: वस्तरा एक, कात्र्या दोन, केस कापायचं मशीन एक, पाणी मारायची बाटली एक. गिऱ्हाइकांच्या तोंडाला मास्क होता की नाही, खिडकी उघडी होती की नाही, दुकान किती बाय कितीचं, एका वेळी आत किती माणसं होती, यातलं काहीच त्यात नव्हतं. ज्या रोगासाठी ही सगळी कारवाई, त्या रोगाशी संबंध असलेली एकही नोंद त्या कागदावर नव्हती.

वर्षाच्या आत तारीख लागली. दोघांनीही गुन्हा कबूल केला, काही शे रुपये दंड भरला आणि दुपारपर्यंत परत दुकानात गेले. वकील करायचा तर दंडापेक्षा फी जास्त आणि प्रत्येक तारखेला एक दिवसाचा धंदा बुडणार. पुढे पुतण्याने ड्रायव्हरच्या नोकरीसाठी अर्ज केला आणि पडताळणीत ‘दोषसिद्धी’ असा शेरा आला, तेव्हा तो माझ्याकडे आला. तोवर निकाल लागून अपिलाची मुदतही उलटून गेली होती.

सरकारने गुन्हे मागे घेतले ते कुणाचे? ज्यांचे खटले प्रलंबित होते त्यांचे. खटला मागे घेण्याची तरतूद मुळात चालू खटल्यासाठीच असते. निकाल लागलेल्याला तिचा उपयोग नाही. म्हणजे ज्यांना वकील परवडला, ज्यांनी तारखा घेतल्या, त्यांची पाटी कोरी झाली. जो हातावर पोट असलेला माणूस पहिल्या तारखेला ‘कबूल आहे साहेब’ म्हणाला, त्याच्या नावावर शिक्षा कायमची राहिली. राज्यात असे किती जण आहेत ते सभागृहात प्रश्न विचारून आपणच काढू शकता. माझ्या छोट्या कोर्टातसुद्धा असे लोक बोटावर मोजण्याइतके नाहीत.

आता त्याच एप्रिलची दुसरी बाजू. पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीचं मतदान १७ एप्रिल २०२१ ला झालं. त्याआधीच्या पंधरवड्यात तिथे प्रचारसभा झाल्या. राज्यभर सलूनं बंद होती तेव्हाच त्या झाल्या. आमच्याकडच्या त्या दुकानदाराने मला एवढंच विचारलं की, सभेला परवानगी कुणी दिली आणि माझ्या दुकानाला नाही कुणी म्हटलं, हे दोघं एकच का? मला उत्तर देता आलं नाही, कारण कायद्यात ते कुठे लिहिलेलंच नाही.

मी निर्बंधांच्या विरोधात आहे असा समज कृपया करून घेऊ नका. महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणे १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसं करोनाने गेली. बंद करायला हवं होतं ते बंद झालंच पाहिजे होतं. माझी तक्रार अशी की, जिथे खरोखर थांबवायला हवं होतं तिथे कायद्याने पोलिसांना हात दिला नाही. मे २०२१ मध्ये आमच्या तालुक्यातल्या एका वाडीत रात्री लग्न लागलं. आदेश पंचवीस माणसांचा आणि दोन तासांचा होता. मांडवात दोन-अडीचशे माणूस होतं. पोलीस पाटलाने ठाण्याला फोन केला. एक हवालदार आणि एक होमगार्ड मोटारसायकलवर आले. हवालदार मांडवाबाहेर यजमानांशी बोलत राहिला. आत जाऊन मांडव रिकामा करायचा अधिकार आपल्याला आहे की नाही, याची त्याला खात्री नव्हती आणि पाठीशी माणसंही नव्हती. त्याने नावं लिहून घेतली. सकाळी गुन्हा नोंदला गेला. तोवर पंगती उठल्या होत्या. पंधरवड्यात त्या वाडीत घरटी कुणी ना कुणी अंथरुणावर होतं. नवऱ्या मुलाची आजी गेली, लग्नाचा आचारी गेला. यजमानांवरचा खटला नंतर मागे घेतला गेला.

सलूनवाल्याला शिक्षा आणि त्या मांडवाला काही नाही. दोन्हीकडे कलम तेच, १८८.

हे असं का होतं, ते समजून घ्यायला कायद्याकडे यावं लागेल. साथरोग अधिनियम फेब्रुवारी १८९७ मध्ये आला तो मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी. मूळ कायदा चार कलमांचा, एका पानात मावेल एवढा. त्याचं दुसरं कलम सांगतं की, चालू कायदे अपुरे वाटले तर सरकारने साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटतील ते उपाय करावेत, वाटतील ते नियम करावेत. तिसरं कलम सांगतं की, नियम मोडणाऱ्याला १८८ ची शिक्षा. चौथं सांगतं की, सद्‌भावनेने काम करणाऱ्यावर दावा चालणार नाही. अधिकाऱ्याने काय करू नये, याबद्दल एक शब्द नाही. त्याच वर्षी पुण्यात त्याचा वापर कसा झाला ते आपल्याला शाळेत शिकवलं आहे. रँडच्या हाताखालचे सोल्जर घराघरांत घुसले, माजघरापर्यंत गेले, सामान रस्त्यावर काढून जाळलं. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पण त्या वर्षातली दुसरी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. रँडच्या पद्धतीवर ‘केसरी’तून टीका करणारे टिळक त्याच काळात पुण्यात थांबून प्लेगच्या रुग्णांसाठी वेगळं हॉस्पिटल उभं करायला झटत होते आणि रुग्णांना हॉस्पिटलात हलवायला त्यांचा विरोध नव्हता. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता १० मार्चला गेल्या. विलगीकरण मान्य, उपचार मान्य, पण घराच्या उंबऱ्यावर बंदूक मान्य नाही, ही भूमिका महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी स्पष्ट होती. लोक सोल्जरांच्या भीतीने रोगी लपवत होते, हेही तेव्हाच दिसलं होतं. २०२१ मध्ये गावागावांत लोकांनी ताप लपवला, चाचणी टाळली, त्यामागे घरावर पट्टी लागेल, पोलीस येतील हीच धास्ती होती. आमच्याकडच्या आशाताईंना विचारा. कुठल्या घरात कोण खोकतं आहे ते त्यांना माहीत असायचं, पण दार उघडायचं नाही.

२०२० मध्ये संसदेने या जुन्या कायद्यात दुरुस्ती केली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा आली आणि ती यायलाच हवी होती. पण जागा बंद करणं, जमाव पांगवणं, घरात शिरणं यांबद्दल त्या दुरुस्तीने नागरिकाला काहीही दिलं नाही.

दंडाचं पाहा. कलम १८८ मध्ये जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने आणि दंड एक हजार रुपये. एप्रिल २०२१ च्या आदेशात मात्र लग्नाचे नियम मोडणाऱ्या कुटुंबाला पन्नास हजार रुपये दंड आणि ते कार्यालय करोनाची अधिसूचना लागू असेपर्यंत बंद, असं लिहिलेलं होतं. नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात दुकानात गिऱ्हाईक विनामास्क सापडलं तर दुकानदाराला दहा हजार आणि आस्थापनेनेच नियम पाळले नाहीत तर पन्नास हजार. कायद्याने ठरवलेल्या कमाल दंडाच्या पन्नासपट रक्कम एका शासन आदेशात येते आणि तिच्यावर दोन्ही सभागृहांत मिळून एकाही सदस्याचं मत पडलेलं नसतं. दंड जास्त होता म्हणून मी हे लिहीत नाही. अडीचशे माणसांच्या लग्नाला पन्नास हजारही थोडेच. पण दंड ठरवणं हे आपलं काम आहे, सचिवांचं नाही.

मग खटला. कलम १८८ च्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घ्यायची तर ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला, त्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. तेव्हा हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ मध्ये होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ मध्ये आहे. ही अट बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सी. मुनिअप्पन यांच्या खटल्यात सांगितलं आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ६० मध्येही तक्रारीची अशीच अट आहे. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक प्रकरणांत हवालदाराची फिर्याद आणि पोलिसांचं दोषारोपपत्र, एवढंच होतं. जिल्हाधिकाऱ्यांची वा तहसीलदारांची तक्रार नव्हती. कुणी हरकत घेतली की खटला पडणार. पण आरोपीने गुन्हा कबूल केला की हरकत घेणारं कुणी उरत नाही.

आणि शटरला सील? पोलिसांनी दुकानांना, हॉटेलांना, कार्यालयांना सील ठोकलं. कुठल्या अधिकाराने? नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे करोनाच्या जेमतेम सहा महिने आधी, स्पष्ट केलं होतं की, तपासातल्या जप्तीच्या कलमाखाली पोलिसांना स्थावर मालमत्ता ताब्यात घेता येत नाही. हा आपल्याच राज्याचा खटला. तरी पुढच्याच वर्षी गल्लोगल्ली सील लागली. सील कधी निघेल, कुणाकडे अर्ज करायचा, हे सांगणारा कागद बहुतेकांच्या हाती नव्हता. लोक ठाण्यात जायचे, ठाण्यातून नगरपालिकेत, नगरपालिकेतून तहसीलला. कुणी ओळखीचा नगरसेवक असेल तर काम दोन दिवसांत, नाहीतर महिना.

आता जुन्या संहिता गेल्या. १ जुलै २०२४ पासून कलम १८८ च्या जागी नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आलं. शिक्षा वाढून एक वर्षापर्यंत, दंड पाच हजारांपर्यंत. जमावबंदीच्या कलम १४४ चं कलम १६३ झालं. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७२ नव्याने आलं आहे. पोलीस अधिकाऱ्याने कर्तव्यात दिलेले कायदेशीर निर्देश पाळणं सर्वांवर बंधनकारक, न पाळणाऱ्याला तो हटवू शकतो, ताब्यात घेऊ शकतो, किरकोळ प्रकरणात चोवीस तासांच्या आत सोडून देऊ शकतो. म्हणजे पुढच्या साथीत हवालदाराकडे २०२० पेक्षा जास्त अधिकार असतील आणि ते कसे वापरायचे याबद्दल मार्गदर्शन मात्र तेवढंच, म्हणजे जवळपास शून्य. ही काळजी मला हे पत्र लिहायला लावते आहे.

अमर्याद अधिकार आणि एक बंद न केलेलं दुकान यांतून काय होऊ शकतं, ते जून २०२० मध्ये तमिळनाडूतल्या सातानकुळमला दिसलं. मोबाइलचं दुकान ठरलेल्या वेळेनंतर उघडं ठेवल्याच्या आरोपावरून बाप-लेकाला पोलिसांनी उचललं. काही दिवसांतच कोठडीतल्या मारहाणीनंतर दोघेही गेले. तपास सीबीआयकडे गेला, पोलिसांवर खुनाचं आरोपपत्र दाखल झालं. आपल्याकडे असं टोकाला गेलं नाही म्हणून समाधान मानू नका. आपल्या रस्त्यांवर लोकांना उठाबशा काढायला लावलं, बेडूकउड्या मारायला लावलं, दूध आणायला निघालेल्याच्या पोटऱ्यांवर काठ्या बसल्या आणि त्याचे व्हिडिओ कौतुकाने फिरले. यातली एकही शिक्षा कुठल्याही कायद्यात नाही.

जमावाच्या बाबतीत तर कोण कुठल्या धर्माचा यावरून कलमं बदलली की काय, अशी शंका यावी असंही घडलं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मशिदींत राहिलेल्या तबलिगी जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्या स्थानिकांवर गुन्हे नोंदले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला ते रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा करण्यात आल्याचं दिसतं, असं निकालात नोंदवलं. दुसऱ्या टोकाला पाहा: त्याच वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरं घेतली. माउली-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. शेकडो वर्षांची पायी वारी लोकांनी मनावर दगड ठेवून थांबवली. तिथे काठी लागली नाही. आधी बोलणं झालं होतं, कारण सांगितलं होतं, मान राखला होता. निर्बंध पटवून देता येतात आणि महाराष्ट्रातली माणसं ते मानतात, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

पोलिसांबद्दलही लिहायलाच हवं. या राज्यात तीनशेहून अधिक पोलीस करोनाने गेले. पहिल्या महिन्यांत मुंबईत एकामागून एक पोलीस दगावू लागले, तेव्हा पंचावन्न वर्षांवरच्यांना घरी थांबा म्हणून सांगावं लागलं. आमच्या गावच्या नाक्यावर एक पोलीस नाईक भर उन्हात, पिंपाच्या सावलीला पाण्याची बाटली ठेवून, सकाळपासून उभा असायचा. मला एकदा थांबवून मोबाइल पुढे केला. त्यावर नवीन आदेशाची पीडीएफ होती, अकरा पानांची. ‘वकीलसाहेब, हार्डवेअरचं दुकान चालू की बंद ते एवढं बघून सांगा. सकाळी साहेब म्हणाले चालू, दुपारी तहसीलचा फोन आला बंद.’ मी दोनदा वाचलं, मलाही सांगता आलं नाही. जून २०२० मध्ये तर एका दिवशी रस्त्याची एक बाजू आणि दुसऱ्या दिवशी दुसरी, असा सम-विषमचा हिशेब होता. कोपऱ्यावरच्या दुकानाची बाजू कुठली धरायची, हे त्या नाइकाने ठरवायचं, चुकलं तर शिव्या त्याने खायच्या, अंगावर कुणी आलं तर तेही त्यानेच झेलायचं. अस्पष्ट कायद्याचा मार सामान्य माणसाइतकाच त्याच्यावरही बसला.

चांगलं उदाहरणही आपल्याकडेच आहे. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले. चाचण्यांतलं बाधितांचं प्रमाण आणि ऑक्सिजन खाटा किती भरल्या, यावरून कुठला जिल्हा कुठल्या स्तरात ते ठरायचं. प्रमाण पाच टक्क्यांखाली आणि खाटा पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. दुकानदाराला आकडा दिसत होता आणि आपलं दुकान का बंद आहे ते कळत होतं. बांधणीत त्रुटी होत्या, नंतर त्यात बदलही झाले, पण निर्बंधाला मोजता येणारं कारण द्यायचं, हे तत्त्व तिथे आलं. तेच कायद्यात यायला हवं.

सार्वजनिक आरोग्य आणि पोलीस हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत आहेत आणि संसर्गजन्य रोगांचा फैलाव रोखणं समवर्ती सूचीत. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवायला जागा नाही. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा कायदा १९३९ पासून आहे. कर्नाटकाने २०२० मध्ये स्वतःचा साथरोग कायदा केला, केरळने २०२३ मध्ये सार्वजनिक आरोग्य कायदा केला. ते सगळे आदर्श आहेत असं मी म्हणत नाही. काहींत पोलिसांना दिलेले अधिकार मला जास्तच वाटतात. केंद्रीय विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ मधल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा आजच्या साथींना पुरा पडत नाही, तो नीट दुरुस्त करा किंवा नवा करा, असं सांगितलं आहे.

अशा कायद्यात माझ्या मते मुख्य गोष्ट एक हवी: जागा बंद करायची की नाही हा निर्णय आरोग्य अधिकाऱ्याचा आणि पोलीस त्याच्या लेखी मागणीवरून मदतीला. तालुका आरोग्य अधिकारी किंवा नगरपालिकेचा आरोग्य अधिकारी सांगेल की, या सभागृहात हवा खेळती नाही, इथे एवढीच माणसं बसू शकतात. हवालदाराने ते ठरवू नये आणि त्याच्यावर ते सोपवूही नये. अपवाद एकच, रात्रीच्या त्या मांडवासारखा. समोर धोका उघड आहे आणि आरोग्य अधिकारी यायला वेळ आहे, तेव्हा पोलिसांना ती जागा रिकामी करायचा आणि फार तर चोवीस तास बंद ठेवायचा स्पष्ट अधिकार द्या. हो, द्या. त्या हवालदाराला तो असता तर आचाऱ्याच्या बायकोचं कुंकू कदाचित राहिलं असतं. पण चोवीस तासांत त्याने कारण लिहून आरोग्य अधिकाऱ्याला कळवलंच पाहिजे, नाहीतर बंदी आपोआप संपली पाहिजे.

बंदीचा कागद शटरवर मराठीत चिकटवलेला असावा: कुठला नियम मोडला, काय सुधारलं की दुकान उघडेल, फेरतपासणी कधी, दाद कुणाकडे. अपील तीन दिवसांत निकाली निघावं आणि ते पोलिसांकडे वा आदेश काढणाऱ्याकडे नसावं, दिवाणी न्यायाधीशाकडे असावं. किरकोळ उल्लंघनाला आधी तोंडी समज, मग नोटीस, मग कायद्यातच आकडा लिहिलेला दंड. तो दंड गुन्हेगारी नोंदीत येता कामा नये आणि त्यातला एक रुपयाही वसूल करणाऱ्याला वा त्याच्या खात्याला मिळता कामा नये. फौजदारी खटला फक्त जाणूनबुजून, मोठ्या संख्येने लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्यावर. राहत्या घरात शिरायचं तर आरोग्य अधिकारी सोबत हवा, स्त्री कर्मचारी हवी आणि दंडाधिकाऱ्याचा लेखी हुकूम हवा. उठाबशा, मारहाण, चेहरे दाखवणारे व्हिडिओ यांसाठी त्या पोलिसावर खात्यांतर्गत कारवाई बंधनकारक. राजकीय सभा आणि सरकारी कार्यक्रम यांना वेगळी सवलत नाही, हे स्पष्ट शब्दांत. आणि साथीची घोषणा तीस दिवसांनी संपावी. पुढे चालू ठेवायची असेल तर सरकारने आपल्यासमोर यावं, आकडे ठेवावेत, आपण मत द्यावं. जमावबंदीचे आदेश कारणांसह प्रसिद्ध झाले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन यांच्या खटल्यात जानेवारी २०२० मध्येच सांगितलेलं आहे. ते कायद्यात लिहायला कुणाची हरकत नसावी.

गृह विभाग म्हणेल की साथीत एवढी कागदपत्रं करायला वेळ कुठे असतो. गुन्हा नोंदवायला, पंचनाम्याला, जप्तीला, दोषारोपपत्राला वेळ होताच ना? वस्तरा आणि कात्र्या मोजायला होता. त्यापेक्षा हा कागद छोटा आहे.

दुसरी विनंती तातडीची आहे आणि तिला नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. ज्यांनी केवळ कलम १८८ आणि त्याला जोडलेल्या किरकोळ कलमांखाली गुन्हा कबूल करून दंड भरला, त्यांच्यासाठी मंत्रिमंडळाने राज्यपालांना राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१ खाली सरसकट माफीची शिफारस करावी, असा ठराव आपण मांडावा. तोपर्यंत निदान गृह विभागाने सर्व पोलीस अधीक्षक आणि आयुक्तांना परिपत्रक काढून सांगावं की, चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यात टाळेबंदीच्या उल्लंघनाची दोषसिद्धी प्रतिकूल शेरा म्हणून लिहू नये. परिपत्रक काढायला एक दिवस लागतो. आमच्याकडचा तो पुतण्या आता सव्वीस वर्षांचा आहे आणि पुढच्या भरतीचा अर्ज भरायचा की नाही हे मला विचारतो आहे.

आपल्यापैकी जे सदस्य हा प्रश्न येत्या अधिवेशनात उपस्थित करतील, त्यांच्यासाठी आमच्या न्यायालयातल्या अशा प्रकरणांच्या निकालांच्या प्रमाणित प्रती, नावं झाकून, मी काढून ठेवल्या आहेत. मागितल्या की पाठवतो.

आपला विश्वासू,
तालुका न्यायालयातला एक वकील